सेटसॉकऑप्टने शून्य परत दिलं, म्हणजे नेमकं काय झालं?

सेटसॉकऑप्ट म्हणजे सॉकेटवर (प्रोग्रॅमच्या नेटवर्क जोडणीच्या टोकावर) एखादं सेटिंग, म्हणजे ऑप्शन, लावणारं फंक्शन. त्याबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा: "सी मध्ये यूडीपी मल्टिकास्टचा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. एकाच स्विचवरच्या मशीनमध्ये छान चालतो. वरच्या मजल्याचं व्हीलॅन वेगळं आहे, तिथे एकही पॅकेट पोचत नाही. आयपी_टीटीएल ३२ केला. सेटसॉकऑप्ट शून्य परत देतं, म्हणजे ऑप्शन लागलाय. मग अडतंय कुठे? आणि आयपी लेव्हलवर आणखी कोणते ऑप्शन लावून ठेवावेत?"

आधी थेट उत्तर. टीटीएल म्हणजे प्रत्येक राउटरवर एकाने कमी होणारा पॅकेटवरचा आकडा. आयपी_टीटीएल हा ऑप्शन फक्त युनिकास्ट, म्हणजे एकाच मशीनकडे जाणाऱ्या, पॅकेटांना लागतो. मल्टिकास्टसाठी, म्हणजे ऐकणाऱ्या अख्ख्या ग्रुपला एकदम पाठवण्यासाठी, आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल हा वेगळा ऑप्शन आहे आणि त्याचं डिफॉल्ट मूल्य १ आहे. टीटीएल १ घेऊन निघालेलं पॅकेट पहिल्याच राउटरवर संपतं. वरच्या मजल्याचं व्हीलॅन (स्विचवरचं स्वतंत्र आभासी नेटवर्क) वेगळं आहे म्हणजे मध्ये राउटर आहेच, मग तो वेगळा डबा असो की लेयर ३ स्विचच्या पोटात असो. तुमच्याकडे दुखणं म्हशीला आहे आणि इंजेक्शन पखालीला दिलं गेलंय.

हे १ कुणाच्या विसराळूपणातून आलेलं नाही. स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ साली आरएफसी १११२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) लिहिली, तिच्यातच म्हटलंय की वरच्या थराने काही सांगितलं नाही तर मल्टिकास्टचा टीटीएल १ धरावा, म्हणजे एका नेटवर्कच्या बाहेर जायचं असेल तर प्रोग्रॅमरला ते मुद्दाम सांगावं लागेल. चुकून सोडलेलं मल्टिकास्ट गावभर पसरू नये, हा त्यामागचा विचार. मला तो आजही पटतो.

तर पाठवणाऱ्या सॉकेटवर आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल लावा. तुमच्या इमारतीपुरतं ४ किंवा ८ पुष्कळ झालं, ३२ ची गरज नाही. पाठवणाऱ्याने ग्रुप जॉइन करायची गरज नसते, हेही सांगून ठेवतो. तुमच्या कोडमध्ये दोन्ही बाजूंना ग्रुप जॉइन करणारा आयपी_अ‍ॅड_मेंबरशिप असेल तर पाठवणाऱ्याकडचं काढून टाका, नाहीतर आपलीच पॅकेट आपल्याकडे येऊन गोंधळ होतो.

आता एवढं करून चालेल का? बहुधा लगेच नाही. टीटीएल वाढवला म्हणजे पॅकेटला राउटर ओलांडायची परवानगी मिळाली, पण राउटरने ते पुढे न्यायला हवं. त्यासाठी त्याच्यावर मल्टिकास्ट राउटिंग, बहुतेक ठिकाणी पिम हा प्रोटोकॉल, चालू असावं लागतं. हे तुमच्या कोडच्या हातात नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे जावं लागेल. जाण्याआधी ग्रुपचा पत्ता मात्र बघून घ्या. तो २२४.०.० ने सुरू होत असेल तर टीटीएल २५५ ठेवला तरी राउटर तो पुढे नेणार नाही, कारण तो अख्खा पट्टा स्थानिक नेटवर्कपुरता राखीव आहे. संस्थेच्या आतल्या कामासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते घ्यावेत. ते १९९८ च्या आरएफसी २३६५ ने याच कामासाठी बाजूला काढून दिले आहेत.

ऐकणाऱ्या बाजूची एक गोष्ट फार लोकांना छळते. आयपी_अ‍ॅड_मेंबरशिपला ग्रुपचा पत्ता आणि इंटरफेस (मशीनची कोणती नेटवर्क जोडणी) असे दोन्ही द्यायचे असतात. बहुतेक नमुना-कोडमध्ये इंटरफेसच्या जागी आयएनअ‍ॅडर_एनी टाकलेलं असतं आणि आपणही ते तसंच उचलतो. त्याचा अर्थ 'सगळे इंटरफेस' असा होत नाही. 'राउटिंग टेबलप्रमाणे कर्नलला जो एक योग्य वाटेल तो' असा होतो. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल, डॉकरचा ब्रिज असेल, वायफाय आणि केबल दोन्ही लागलेले असतील, तर कर्नलची निवड आणि तुमची अपेक्षा यांचं जुळेलच असं नाही. लिनक्सवर आयपी_एमरेकएन हे स्ट्रक्चर वापरा, त्यात इंटरफेसचा क्रमांक सरळ देता येतो. पाठवताना हेच काम आयपी_मल्टिकास्ट_इफ करतो.

आणि एक लक्षण ओळखून ठेवा: सुरुवातीला पॅकेट येतात, चार-साडेचार मिनिटांनी येणं बंद होतं, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की परत चार मिनिटं येतात. हे दिसलं तर कोडला हात लावू नका. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टवर कोण कोणता ग्रुप ऐकतंय ते स्विचने टिपून ठेवणं) चालू आहे, पण 'अजून कोण ऐकतंय?' असं अधूनमधून विचारणारा क्वेरिअर त्या व्हीलॅनमध्ये कुणीच नाही. आयजीएमपीच्या डिफॉल्ट आकड्यांनुसार सदस्यत्व २६० सेकंदांनी शिळं होतं आणि स्विच तुमचं पोर्ट यादीतून काढून टाकतो. मी यावर एकदा दोन दिवस घालवलेत, आणि त्यातला दीड दिवस स्वतःच्या टाइमरमधली चूक शोधण्यात गेला.

आता तुमच्या प्रश्नातलं जे वाक्य वाचून मी एवढं लांब उत्तर लिहायला बसलो त्याकडे येतो. "शून्य परत देतं, म्हणजे ऑप्शन लागलाय."

सेटसॉकऑप्टचं शून्य म्हणजे एवढंच, की या लेव्हलवर या क्रमांकाचा एक ऑप्शन आहे आणि दिलेली किंमत त्याच्या मर्यादेत बसते. तो तुमच्या मनातला ऑप्शन आहे का, तुमच्या पॅकेटांना तो लागतो का, पुढे कुणी त्याला जुमानतं का, यातलं काहीही त्या शून्यात नाही. तुमच्या बाबतीत टीटीएल खरंच ३२ झाला होता. तुम्ही पाठवतच नसलेल्या युनिकास्ट पॅकेटांचा.

यापेक्षा खट्याळ प्रकार सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातून बोलावणं आलं. वजनकाट्याच्या मशीनवर एक टीसीपी सर्व्हर होता. कारखान्याच्या आतून त्याला कुणीही जोडू शकत होतं, पण शहरातल्या मुख्य कार्यालयातून जोडायला गेलं की टाइमआउट. पिंग मात्र व्यवस्थित. साहजिकच सगळ्यांनी फायरवॉलवर बोट ठेवलं होतं आणि फायरवॉलवाला शपथेवर सांगत होता की पोर्ट उघडं आहे. तो खरं बोलत होता.

टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) लावला. बाहेरून सिन, म्हणजे जोडणीची विनंती, येत होतं. सर्व्हरकडून होकाराचं सिन-अ‍ॅक जात होतं. आणि लगेच गेटवेकडून आयसीएमपीचा (त्रुटी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) 'टाइम एक्सीडेड', म्हणजे टीटीएल संपल्याचा निरोप, परत येत होता. 'व्ही' चा फ्लॅग लावून पुन्हा पाहिलं, तर सिन-अ‍ॅकचा टीटीएल १! लिनक्सचा डिफॉल्ट ६४ असतो, विंडोजचा १२८. १ आला कुठून?

कोडमध्ये टीटीएल हा शब्दच नव्हता. होती ती ही ओळ:

सेटसॉकऑप्ट(एस, आयपीप्रोटो_आयपी, एसओ_रीयूजअ‍ॅडर, &ऑन, साइझऑफ(ऑन))

बंद केलेल्या सर्व्हरला तोच पत्ता लगेच पुन्हा वापरू देणारा हा ऑप्शन. लेव्हलच्या जागी एसओएल_सॉकेट हवं होतं, लिहिणाऱ्याने आयपीप्रोटो_आयपी लिहिलं. कंपायलरच्या दृष्टीने ही सगळी साधी पूर्णांक संख्यांची नावं, त्यामुळे तो गप्प. लिनक्सवर एसओ_रीयूजअ‍ॅडर म्हणजे २. आणि आयपी लेव्हलवर २ म्हणजे आयपी_टीटीएल. 'ऑन' ची किंमत १. झालं, सर्व्हरने स्वतःच्या हाताने टीटीएल १ करून घेतला आणि ऐकणाऱ्या सॉकेटचा टीटीएल पुढच्या प्रत्येक कनेक्शनला वारशाने मिळत गेला. पिंग चालत होतं, कारण पिंगला उत्तर कर्नल देतो, त्याचा या सॉकेटशी संबंध नाही.

हा केवळ लिनक्सच्या आकड्यांचा योगायोग म्हणावा, तर बीएसडी घराण्यात एसओ_रीयूजअ‍ॅडर ४ आहे आणि तिथला आयपी_टीटीएलही ४ च आहे. विनसॉक २ (विंडोजची सॉकेट लायब्ररी) मध्येही तेच. म्हणजे हीच चूक तिन्हीकडे तोच परिणाम देते. उलट बाजूनेही: एसओएल_सॉकेट लेव्हलवर आयपी_टीटीएल लिहिलंत, तर टीटीएल जागेवरच राहतो आणि रीयूजअ‍ॅडर गुपचूप चालू होतो. दोन्ही वेळा उत्तर शून्य.

त्या कारखान्यातल्या माणसाने बोलता बोलता सांगितलं होतं, की सर्व्हर बंद करून लगेच चालू केला तर 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं, म्हणून आम्ही मिनिटभर थांबतो. रीयूजअ‍ॅडर लागलेलाच नव्हता, याचा पुरावा तो रोज बघत होता. मीही ते वाक्य ऐकून सोडून दिलं होतं.

अशीच एक निरुपद्रवी भासणारी चूक टीसीपी_नोडिलेची, म्हणजे छोटी पॅकेट साठवून पाठवणारा नेगल अल्गोरिदम बंद करणाऱ्या ऑप्शनची. तो क्रमांक १. चुकून आयपी लेव्हलवर दिला तर लिनक्सवर १ म्हणजे आयपी_टीओएस (पॅकेटचं प्राधान्य सांगणारा बाइट). त्या बाइटचे शेवटचे दोन बिट ईसीएनचे (वाटेतली गर्दी कळवण्याचे) आहेत आणि टीसीपी सॉकेटवर कर्नल ते तुम्हाला लिहू देत नाही, पुसून टाकतो. म्हणजे काहीच घडत नाही, शून्य परत येतं आणि तुम्ही 'नेगल बंद केला तरी उशीर होतोच' म्हणून डोकं धरून बसता.

विंडोजवर जुना कोड सांभाळत असाल तर आणखी एक खड्डा आहे. विनसॉक १.१ च्या हेडरमध्ये आयपी लेव्हलचे आकडे वेगळे होते. तिथे आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल ३ होता. विनसॉक २ मध्ये ३ म्हणजे आयपी_टीओएस आणि मल्टिकास्ट टीटीएल १० वर गेला. जुनं हेडर आणि नवी लायब्ररी अशी जोडी जमली की तुमच्या आजच्या प्रश्नासारखाच प्रश्न तयार होतो, फक्त कोड वाचून तो कुणालाही सापडत नाही. काही ऑप्शनवर १००४२ ('हा ऑप्शन ओळखत नाही') ही त्रुटी येते. ती आली तर नशीब समजा.

मग खात्री कशी करायची? मी तीन गोष्टी करतो. लिनक्सवर प्रोग्रॅम एसट्रेसखाली (प्रोग्रॅम कर्नलला काय सांगतो ते छापणाऱ्या साधनाखाली) चालवतो. एसट्रेस ऑप्शनचं नाव लेव्हल बघून छापतो, त्यामुळे वरच्या चुकीच्या ओळीला तो सरळ आयपी_टीटीएल, १ असं दाखवेल. चूक तिथेच उघडी पडते. दुसरं, गेटसॉकऑप्टने किंमत परत वाचतो. याचा उपयोग मर्यादित आहे, कारण चुकीची लेव्हल दोन्हीकडे सारखीच लिहिली जाते आणि मग खोटं खोट्याशी जुळतं. तिसरं आणि खरं म्हणजे तारेवर बघणं, तेही शक्यतो दुसऱ्या मशीनवरून. पॅकेटमध्ये जे दिसलं तेच घडलं.

"आणखी कोणते ऑप्शन लावून ठेवावेत" याला माझं उत्तर आहे, कोणतेही नाही. गरज पडली तरच. पण गरज पडते अशा जागा कोणत्या, ते सांगतो.

आयपी_टीओएस. आवाज किंवा व्हिडिओ पाठवणारे लोक हा लावतात आणि निम्मे चुकीचा लावतात. १९८१ च्या आयपी मानकात हा 'टाइप ऑफ सर्व्हिस' बाइट होता. १९९८ मध्ये आरएफसी २४७४ ने त्याचे वरचे सहा बिट डीएससीपीला (पॅकेटच्या वर्गाच्या क्रमांकाला) दिले, खालचे दोन पुढे ईसीएनकडे गेले. आवाजासाठी वापरला जाणारा ईएफ हा वर्ग म्हणजे डीएससीपी ४६. पण सॉकेटला अख्खा बाइट द्यायचा असतो, म्हणून ४६ दोन बिट डावीकडे सरकवून १८४ द्यायला हवेत. थेट ४६ दिलेत तर डीएससीपी होतो ११, जो नेटवर्कवाल्याच्या कुठल्याही नियमात सहसा नसतो. वर यूडीपीवर शेवटच्या दोन बिटांमुळे 'मी ईसीएन समजतो' असा खोटा दावाही प्रत्येक पॅकेट करतं. विंडोजवर आयपी_टीओएस लावून बहुधा काहीच होत नाही. तिथे क्यूवेव्ह नावाचा वेगळा एपीआय आहे. आयपीव्ही६ सॉकेटवर हेच काम आयपीव्ही६_टीक्लास करतो. आणि हे सगळं बरोबर केलं तरी तुमच्या संस्थेबाहेर पडल्यावर सेवा पुरवठादार तो बाइट पुसू शकतो. आतल्या वायफायवर किंवा स्वतःच्या लीज लाइनवर त्याचा फायदा दिसतो, खुल्या इंटरनेटवर भरवसा ठेवू नका.

आयपी_एमटीयू_डिस्कव्हर. तुमच्या मल्टिकास्ट पॅकेटचा आकार तुम्ही लिहिला नाहीत, म्हणून हा मुद्दा घेतो. इथरनेटचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० बाइट. त्यातून आयपी हेडरचे २० आणि यूडीपीचे ८ गेले की १४७२ बाइट उरतात. पीपीपीओई असलेल्या जोडणीवर एमटीयू १४९२, म्हणजे १४६४ उरतात. यापेक्षा मोठा डेटाग्राम लिनक्स डिफॉल्टनुसार स्वतः तुकडे करून पाठवतो, आणि एक तुकडा हरवला की अख्खा डेटाग्राम गेला. टीसीपीसारखं पुन्हा पाठवणारं इथे कुणी नाही. आयपी_पीएमटीयूडिस्क_डू लावलंत तर कर्नल तुकडे करणार नाही. ठाऊक असलेल्या मर्यादेपेक्षा मोठं काही पाठवायला गेलात तर ईएमएसजीसाइझ ही त्रुटी परत देईल, आणि कनेक्ट केलेल्या सॉकेटवर आयपी_एमटीयू वाचून मर्यादा विचारता येईल. विंडोजवर याच कामासाठी आयपी_डोंटफ्रॅगमेंट आहे.

यातली मेख अशी की वाटेतला राउटर 'हे पॅकेट मोठं आहे' असं आयसीएमपीने कळवतो आणि कित्येक ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवलेलं असतं. मग छोटी पॅकेट जातात, मोठी निमूट गायब होतात. म्हणून मी तरी ऑप्शनच्या भानगडीत न पडता पेलोडच लहान ठेवतो. डीएनएसवाल्यांनी २०२० मध्ये १२३२ बाइटचा आकडा सुचवला होता. आयपीव्ही६ चा किमान एमटीयू १२८०, त्यातून ४० आणि ८ वजा. तो आकडा उचला आणि विसरून जा.

आयपी_पीकेटीइन्फो. हा माझा आवडता. सर्व्हरला दोन पत्ते आहेत, यूडीपी सॉकेट ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या पत्त्यांवर, बांधलाय. ग्राहकाने दुसऱ्या पत्त्यावर विचारलं. उत्तर जाताना कर्नल राउटिंग टेबल बघून पहिला पत्ता प्रेषक म्हणून लावतो. ग्राहकाने सॉकेट कनेक्ट केलेलं असेल तर अनोळखी पत्त्यावरचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. टीसीपीत हे होत नाही, तिथे कनेक्शनलाच पत्ता माहीत असतो. आयपी_पीकेटीइन्फो लावला की रेक्व्हएमएसजीसोबत 'हे पॅकेट कोणत्या पत्त्यावर, कोणत्या इंटरफेसवर आलं' ते मिळतं आणि तोच पत्ता सेंडएमएसजीला परत देता येतो. फ्रीबीएसडीवर हे काम आयपी_रेक्व्हडीएसटीअ‍ॅडर आणि आयपी_सेंडएसआरसीअ‍ॅडर ही जोडी करते. बाइंड हा डीएनएस सर्व्हर या कटकटीत न पडता प्रत्येक पत्त्यावर वेगळं सॉकेट उघडतो. तोही मार्ग उत्तम, फक्त पत्ते बदलले की लक्ष ठेवावं लागतं.

आयपीव्ही६_व्ही६ओन्ली (आयपीव्ही६ सॉकेटने आयपीव्ही४ घेऊ नये, असं सांगणारा ऑप्शन) बद्दल एवढंच: डिफॉल्टवर विसंबू नका. लिनक्सवर तो सहसा बंद, विंडोजवर चालू, ओपनबीएसडीवर कायमचा चालू. जे हवं ते बाइंडच्या, म्हणजे सॉकेटला पत्ता बांधण्याच्या, आधी स्वतः लिहा. टीटीएल, टीओएस कधीही बदलता येतात, पण हा आणि आयपी_फ्रीबाइंड (मशीनवर नसलेल्या पत्त्यावरही बांधू देणारा) बाइंडनंतर लावून उपयोग नाही.

परत मल्टिकास्टकडे येऊन दोन-तीन बारीक गोष्टी सांगतो, कारण तुम्ही पुढे त्यात अडकणार. लिनक्सवर एकाच सॉकेटने २० पेक्षा जास्त ग्रुप जॉइन केले की ईएनओबफ्स येतं, 'बफरला जागा नाही'. लोक मग रिसीव्ह बफर वाढवत बसतात. बफरचा काही संबंध नाही, आयजीएमपी_मॅक्स_मेंबरशिप्स ही सिसकंट्रोलची (कर्नलच्या सेटिंगमधली) मर्यादा डिफॉल्टला २० आहे. दुसरं, त्याच मशीनवरच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने जॉइन केलेल्या ग्रुपची पॅकेट तुमच्या सॉकेटला येऊ शकतात, पोर्ट तेच असेल आणि तुम्ही ०.०.०.० वर बांधलं असेल तर. लिनक्सवर आयपी_मल्टिकास्ट_ऑल शून्य करा, किंवा थेट ग्रुपच्या पत्त्यावर बाइंड करा. दुसरा उपाय विंडोजवर चालत नाही. तिसरं, आयपी_मल्टिकास्ट_लूप (पाठवलेलं त्याच मशीनवर परत यावं की नाही ते ठरवणारा) युनिक्सकडे पाठवणाऱ्या सॉकेटवर लावायचा असतो, विंडोजवर ऐकणाऱ्या. एका बाजूला लावून दोन्हीकडे चाचणी केलीत तर निष्कर्ष उलटसुलट निघतील.

आणि मल्टिकास्टच्या टीटीएल, लूपसाठी बीएसडीची परंपरा एका बाइटची आहे, लिनक्स बाइट आणि इंट दोन्ही चालवून घेतो. ओपनबीएसडीवर न्यायचा विचार असेल तर अनसाइन्ड कॅर वापरा, लिनक्सवरही तो चालतो.

तर आता क्रम असा ठेवा. आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल ८ करा, ग्रुप २३९ मधला घ्या, ऐकणाऱ्याला इंटरफेस नावानिशी द्या. मग तुमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या मशीनवर टीसीपीडंप 'व्ही' फ्लॅगसह लावा. तिथे टीटीएल ८ दिसला आणि वरच्या मजल्यावर तरी काही आलं नाही, तर तुमचा कोड सुटला. तो डंप घेऊन नेटवर्कवाल्याकडे जा आणि पिम व क्वेरिअर या दोनच गोष्टी विचारा. टीटीएल अजून १ च दिसत असेल, तर एसट्रेसमधली सेटसॉकऑप्टची ओळ इथे चिकटवा, बघू.